रंग, प्रकाश आणि डोळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंगाबद्दलचा बहुतेक गोंधळ एकाच गृहीतकातून होतो: रंग हा वस्तूचा गुण आहे, जसे तिचे वजन. खालच्या उत्तरांत म्हणून दर वेळी तीन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहिल्या आहेत. प्रकाश कोणता पडला, पृष्ठभागाने त्यातला कोणता परत पाठवला आणि डोळ्याने त्याचा काय अर्थ लावला.

रंग वस्तूत असतो, प्रकाशात असतो की डोळ्यात?

तिघांत मिळून. लाल कापडातले रंगद्रव्य साधारण ६०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा बराचसा प्रकाश शोषून घेते आणि त्यापुढचा परत पाठवते. हा झाला कापडाचा वाटा. पण परत पाठवण्यासाठी तो प्रकाश मुळात कापडावर पडला पाहिजे. कमी दाबाचा सोडियम दिवा जवळजवळ फक्त ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश देतो. त्याच्या उजेडात लाल, हिरवे, निळे असे सगळे कपडे पिवळट आणि काळपट छटांत उतरतात. कोणता कपडा जास्त उजळ, एवढेच सांगता येते.

तिसरा वाटा डोळ्याचा. साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर या पट्ट्याला आपण ‘दृश्य’ प्रकाश म्हणतो, तो केवळ माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने. मधमाशीला अतिनील किरण दिसतात आणि गडद लाल जवळपास दिसत नाही. आपल्यालाही अतिनील अगदीच अगम्य आहे असे नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचे नैसर्गिक भिंग काढल्यावर त्या जागी अतिनील अडवणारे भिंग बसवले नाही, तर काही जणांना जवळचे अतिनील फिकट निळसर दिसते. दृष्टिपटल त्याला आधीपासूनच प्रतिसाद देऊ शकते, वाटेतले भिंग त्याला अडवत असते.

इंद्रधनुष्यात सातच रंग असतात का?

‘तानापिहिनिपाजा’ पाठ करायला सोपे आहे, पण वर्णपटात रेघा आखलेल्या नसतात. तरंगलांबी सलग बदलत जाते आणि तिच्याबरोबर रंगही. न्यूटनने लोलकाचे प्रयोग १६६६ च्या सुमारास केले. सुरुवातीला तो पाचच मुख्य रंग मोजत असे. नारिंगी आणि पारवा नंतर आले, संगीतातल्या सात स्वरांशी मेळ बसावा म्हणून. निळा आणि जांभळा यांच्या मधला पारवा आजही अनेकांना वेगळा काढता येत नाही. त्यात त्यांच्या डोळ्यांचा दोष नाही.

न्यूटनचे खरे काम रंग मोजण्यापलीकडचे होते. लोलक पांढऱ्या प्रकाशाला रंग ‘चढवतो’ असे तेव्हा मानले जाई. त्याने एका लोलकातून निघालेल्या पट्ट्यातला एकच रंग बारीक फटीतून दुसऱ्या लोलकावर सोडला. तो वळला, पण त्याचा रंग बदलला नाही. सगळे रंग पुन्हा एकत्र आणले, तर पांढरा परत मिळाला. म्हणजे रंग आधीपासून प्रकाशातच होते, लोलकाने ते फक्त वेगळे केले.

डोळ्यात तीनच प्रकारच्या रंगपेशी असतील, तर इतके रंग दिसतात कसे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर थोडे लांब आहे.

दृष्टिपटलात सुमारे ६० लाख शंकूपेशी असतात, तीन प्रकारच्या. त्यांची संवेदनशीलता अनुक्रमे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. त्यांना ‘निळ्या, हिरव्या, लाल’ म्हणण्याची पद्धत आहे, पण ती दिशाभूल करते. ५६० नॅनोमीटरचा प्रकाश लाल नसतो, पोपटीकडे झुकणारा पिवळसर हिरवा असतो. शिवाय शेवटच्या दोन प्रकारांचे पट्टे एकमेकांवर मोठ्या प्रमाणात पसरलेले आहेत. तरंगलांबीनुसार लघु, मध्यम आणि दीर्घ ही नावे जास्त प्रामाणिक आहेत.

एकट्या शंकूपेशीला रंग कळत नाही. प्रकाशकण शोषला गेला की तो कोणत्या तरंगलांबीचा होता याची नोंद कुठेच राहत नाही, फक्त किती कण शोषले गेले एवढेच पुढे जाते. मध्यम शंकूपेशीवर ५३० नॅनोमीटरचा मंद प्रकाश टाका किंवा ६०० नॅनोमीटरचा प्रखर प्रकाश टाका, प्रखरता योग्य ठेवली तर तिचा संदेश दोन्ही वेळा हुबेहूब तोच असेल. त्यामुळे रंग कळतो तो तुलनेतून. तीन प्रकारांनी किती किती पकडले, या तीन आकड्यांच्या प्रमाणातून.

तीन ग्राहक असावेत हा अंदाज इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने १८०२ मध्ये मांडला आणि जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने तो पुढे नेला. पुढची पायरी एवाल्ड हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाची. लालसर पिवळा असतो, निळसर हिरवाही असतो, पण लालसर हिरवा किंवा पिवळसर निळा कुणीच पाहिलेला नाही, याकडे त्याने बोट दाखवले. कारण दृष्टिपटलातच पुढच्या पेशी तिन्ही आकड्यांची वजाबाकी-बेरीज करतात. एक वाहिनी लाल विरुद्ध हिरवा सांगते, दुसरी पिवळा विरुद्ध निळा आणि तिसरी उजेड विरुद्ध काळोख. एकाच वाहिनीची दोन टोके एकाच वेळी कशी दिसणार? यंग आणि हेरिंग यांचे सिद्धान्त बराच काळ एकमेकांचे विरोधक मानले गेले. खरे तर ते एकाच यंत्रणेचे दोन टप्पे आहेत.

स्क्रीनवरच्या पिवळ्यात पिवळा प्रकाश नसतो, हे खरे आहे का?

खरे आहे. स्क्रीनच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीनच उपठिपके असतात. पिवळ्यासाठी लाल आणि हिरवा एकत्र पेटतात. ५८० नॅनोमीटरच्या शुद्ध पिवळ्या प्रकाशाने दीर्घ आणि मध्यम शंकूपेशींत जे प्रमाण निर्माण होते, तेच प्रमाण या जोडीने निर्माण होते. आकडे तेच, म्हणून रंगही तोच. भौतिकदृष्ट्या वेगळे, पण डोळ्याला सारखे दिसणारे असे दोन प्रकाश म्हणजे समरूप रंग. सगळे टीव्ही, छपाई आणि छायाचित्रण या एका सवलतीवर उभे आहे.

पडताळा घरीच घेता येतो. फोनवर पूर्ण पिवळे चित्र उघडा आणि ओलसर बोटाने काचेवर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचे काम करतो आणि त्यात लाल-हिरवे ठिपके वेगळे दिसू लागतात. थेंब मोठा झाला तर पसरतो आणि पुरेसे मोठे करून दाखवत नाही.

मॅजेंटा आणि तपकिरी हे रंग वर्णपटात का सापडत नाहीत?

मॅजेंटा (गुलाबीसर जांभळा) दिसायला लघु आणि दीर्घ शंकूपेशी उत्तेजित व्हाव्या लागतात आणि मध्यम मात्र शांत राहावी लागते. कोणतीही एकच तरंगलांबी हे करू शकत नाही, कारण मध्यमचा पट्टा त्या दोघींच्या मधोमध आहे. वर्णपटाच्या दोन टोकांचे मिश्रणच लागते. मराठीत एक अडचण वाढते: वर्णपटाच्या टोकाचा जांभळा आणि लाल-निळा मिसळून केलेला जांभळा या दोघांनाही आपण एकच शब्द वापरतो. पहिला एका तरंगलांबीचा असतो, दुसरा कधीच नसतो.

तपकिरीची गोष्ट निराळी. तो मंद नारिंगी आहे, पण शेजारी त्याहून उजळ काहीतरी असेल तरच तपकिरी दिसतो. अंधाऱ्या खोलीत काळ्या स्क्रीनवर एकटाच तपकिरी चौकोन ठेवा, तो नारिंगीकडे झुकेल. भोवती पांढरी चौकट आणा, लगेच तपकिरी होईल. म्हणूनच तपकिरी प्रकाश देणारा दिवा बनवता येत नाही.

मूळ रंग कोणते: लाल-पिवळा-निळा की लाल-हिरवा-निळा?

प्रकाश मिसळताय की रंगद्रव्य, यावर ते ठरते. प्रकाश मिसळताना बेरीज होते आणि तिन्ही शंकूपेशी शक्य तितक्या स्वतंत्रपणे हलवायच्या असतात, म्हणून लाल, हिरवा, निळा. रंगद्रव्य मिसळताना वजाबाकी होते, प्रत्येक द्रव्य आपला वाटा शोषून घेते. तिथे सर्वांत जास्त छटा सायन (हिरवट निळा), मॅजेंटा आणि पिवळा देतात. सायन लाल शोषतो, मॅजेंटा हिरवा आणि पिवळा निळा. शाळेतले लाल-पिवळा-निळा हे याच त्रिकुटाचे ढोबळ रूप आहे. त्याने चित्र रंगवता येते, पण झळाळता जांभळा किंवा स्वच्छ हिरवट निळा मिळत नाही, कारण लाल रंगद्रव्य हिरव्याबरोबर निळाही गिळते.

पिवळ्या आणि निळ्या रंगाचे मिश्रण हिरवे का होते, तेही यातून कळते. पिवळे द्रव्य हिरवा, पिवळा, लाल परत पाठवते, निळे द्रव्य निळा आणि थोडा हिरवा. दोघांच्या तावडीतून सुटतो तो फक्त हिरवा. पिवळा *प्रकाश* आणि निळा *प्रकाश* एकत्र केले तर मात्र पांढऱ्याच्या जवळपास काहीतरी मिळेल.

मग छपाईत चौथी, काळी शाई कशासाठी?

तिन्ही शाया आदर्श नसतात, त्यामुळे त्यांच्या मिश्रणातून काळ्याऐवजी गढूळ तपकिरी निघतो. शिवाय तीन थरांमुळे कागद ओला राहतो आणि थर केसभर सरकले तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात.

एका दिव्याखाली जुळलेले दोन रंग दुसऱ्या दिव्याखाली वेगळे का दिसतात?

समरूप रंगांची ही दुसरी बाजू. कापड आणि अस्तर वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवले असेल, तर त्यांचे परावर्तन प्रत्येक तरंगलांबीला सारखे नसते. एका दिव्याखाली तिन्ही शंकूपेशींचे आकडे योगायोगाने जुळतात, दिवा बदलला की योगायोग मोडतो.

दिवा निवडताना दोन आकडे पाहावेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. केल्विनमधला आकडा प्रकाशाची झाक सांगतो: २७०० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा निळसर पांढरा. (आकडा कमी तितकी झाक उबदार, हे उलटे वाटते, पण तापलेली वस्तू आधी लाल होते आणि अधिक तापली की पांढरी, निळसर.) दुसरा आकडा सीआरआय, १०० पैकी. त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतील हे तो सांगतो. बहुतेक पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपासची निळी चिप आणि तिच्यावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर असतो. त्यात ४८० च्या सुमारास खड्डा असतो आणि गडद लाल तोकडा पडतो. सीआरआयची सरासरी आठ फिक्या नमुन्यांवर काढतात, गडद लाल त्यात धरलेला नसतो. तो ‘आर ९’ या वेगळ्या आकड्यात असतो. त्वचा, कापड किंवा चित्रे पाहायची असतील तर सीआरआय ९० च्या वर हवा आणि आर ९ सुद्धा विचारून घ्यावा.

दोन रंग जुळतात का, हे नीट तपासायचे कसे?

१. नमुने फिक्या करड्या, चकाकी नसलेल्या पृष्ठभागावर ठेवा. रंगीत टेबल किंवा भडक कपडे शेजारी असतील तर त्यांचा प्रकाश नमुन्यावर पडतो.

२. दोन्ही नमुन्यांच्या कडा एकमेकींना भिडवा. मध्ये बोटभर अंतर राहिले तरी लहान फरक सुटतो.

३. खिडकीतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात पाहा, थेट उन्हात नको. मग तेच नमुने पिवळसर दिव्याखाली न्या. दोन्हीकडे जुळले तरच जुळले म्हणा.

४. एका वेळी चार-पाच सेकंदच पाहा, मग नजर करड्यावर न्या. टक लावून पाहिले तर शंकूपेशी थकतात आणि फरक मिटत जातो.

५. नमुन्यांच्या जागा अदलाबदल करा आणि कोन बदला. चकचकीत आणि खरबरीत पृष्ठभाग एकाच कोनातून जुळलेले वाटू शकतात.

भिंतीच्या रंगात दोन चुका हमखास होतात. ओला रंग वाळल्यावर वेगळा दिसतो, म्हणून पट्टा पूर्ण वाळू द्यावा. आणि तळहाताएवढ्या नमुन्यावर निर्णय घेऊ नये, मोठ्या क्षेत्रावर तोच रंग वेगळा भासतो. मापनशास्त्रालाही हे मान्य करावे लागले: १९३१ चा प्रमाण निरीक्षक (मोजमापासाठी ठरवलेला सरासरी डोळा) दृष्टीच्या २ अंशांच्या क्षेत्रासाठी होता, १९६४ मध्ये १० अंशांसाठी वेगळा ठरवला गेला.

आकाश निळे का, आणि जांभळे का नाही?

हवेतले रेणू तरंगलांबीच्या तुलनेत फार लहान असतात. त्यांच्याकडून होणारे विकिरण, म्हणजे प्रकाशाचे विखुरणे, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ४५० नॅनोमीटरचा निळा ६५० च्या लालपेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. जांभळा आणखी विखुरतो, पण सूर्यप्रकाशात तो मुळात कमी असतो आणि डोळा त्याला कमी प्रतिसाद देतो. सगळ्याचा मिळून परिणाम निळ्यावर येतो. ढगातले थेंब मोठे असल्याने सगळ्या तरंगलांबी जवळपास सारख्या विखुरतात, म्हणून ढग पांढरे.

अंधारात रंग का नाहीसे होतात?

मंद उजेडात शंकूपेशी थांबतात आणि सुमारे १२ कोटी दंडपेशी काम हाती घेतात. त्यांचा प्रकार एकच. तुलनेला दुसरे कुणी नाही, म्हणून रंग नाही. डोळ्याची संवेदनशीलताही सरकते: दिवसा ती ५५५ नॅनोमीटरला सर्वाधिक असते, रात्री ५०७ ला. तिन्हीसांजेला लाल फूल काळवंडते आणि त्याचीच पाने उजळ भासतात, ते यामुळे. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाच्या नावाने हा बदल ओळखला जातो.

अंधाराला सरावायला वेळ लागतो. शंकूपेशी साधारण दहा मिनिटांत स्थिरावतात, दंडपेशींना ३० मिनिटे किंवा अधिक लागतात. मध्येच पांढऱ्या उजेडाकडे पाहिले की पुन्हा सुरुवात. तारे पाहताना मंद, गडद लाल विजेरी वापरावी, कारण ६५० नॅनोमीटरच्या आसपास दंडपेशी जवळजवळ आंधळ्या असतात. लाल दिवा प्रखर असेल तर उपयोग नाही. आणि अंधुक ताऱ्याकडे थेट पाहू नये: दृष्टिपटलाच्या अगदी मध्यात दंडपेशी नसतात. नजर थोडी बाजूला ठेवली की तारा उमटतो.

टक लावून पाहिल्यावर भिंतीवर उलट रंगाची आकृती का दिसते?

लाल चौकोनाकडे ३० सेकंद नजर न हलवता पाहा, मग पांढऱ्या भिंतीकडे. हिरवट निळा चौकोन दिसेल. त्या जागेवरचा लाल संदेश दमलेला असतो, पांढऱ्या प्रकाशातला विरुद्ध वाटा वरचढ ठरतो. आकृती दिसलीच नाही, तर बहुधा नजर हलली. चौकोनाच्या मध्यावर एक ठिपका काढा आणि त्यावरच थांबा.

शेजारच्या रंगामुळे रंग खरेच बदलतो का?

दिसणारा रंग बदलतो. पॅरिसच्या गोबेलिन विणकामशाळेत काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ शेव्रोल याला रंगात दोष सापडला नाही. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या सान्निध्यात होता. १८३९ मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मेंदू प्रकाशाचे मोजमाप करत बसत नाही, तो ‘कोणत्या उजेडात कोणती वस्तू आहे’ याचा अंदाज बांधतो. त्यामुळे पांढरा कागद पिवळ्या दिव्याखालीही पांढराच वाटतो. २०१५ मध्ये एका पोशाखाच्या छायाचित्रावरून जगभर वाद झाला, तोही याच अंदाजाचा: पोशाख सावलीत आहे असे धरणाऱ्यांना तो पांढरा-सोनेरी दिसला, उजेडात धरणाऱ्यांना निळा-काळा. प्रत्यक्षात तो निळा-काळा होता.

रंगांधता म्हणजे सगळे काळेपांढरे दिसणे का?

क्वचितच. बहुतेकांत मध्यम किंवा दीर्घ शंकूपेशीचे रंगद्रव्य सरकलेले किंवा गैरहजर असते, आणि लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी यांत गल्लत होते. युरोपीय वंशाच्या लोकसंख्येत सुमारे ८ टक्के पुरुष आणि ०.५ टक्के स्त्रियांत हे आढळते. संबंधित जनुके एक्स गुणसूत्रावर आहेत आणि पुरुषाकडे एकच एक्स असतो. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता. निळ्या-पिवळ्यातली जन्मजात गल्लत फार दुर्मीळ आहे आणि ती स्त्री-पुरुषांत सारखीच.

रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन स्वतः रंगांध होता. १७९४ मध्ये त्याने आपल्या दृष्टीचे वर्णन केले. डोळ्यातला द्रव निळा असावा असा त्याचा तर्क होता. त्याच्या इच्छेनुसार मृत्यूनंतर डोळा तपासला, द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या ऊतकाच्या १९९५ मधल्या डीएनए तपासणीत मध्यम शंकूपेशीचे रंगद्रव्य नसल्याचे दिसले.

रंगांधता तपासणारे, रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेले इशिहारा तक्ते (१९१७) छापील असावेत, दिवसाच्या उजेडात, सुमारे ७५ सेंटिमीटरवर, प्रत्येकी तीन सेकंद. फोनवरची चाचणी भरवशाची नाही, कारण तक्त्यांतले रंग स्क्रीन तंतोतंत दाखवेलच असे नाही. जन्मजात रंगांधता वाढत नाही. म्हणून प्रौढपणी, विशेषतः एकाच डोळ्यात, रंग फिके पडले तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

खास चष्म्याने रंगांधता बरी होते का?

नाही. असे चष्मे मध्यम आणि दीर्घ पट्टे जिथे एकमेकांवर चढतात तिथला प्रकाश कापतात. द्रव्य सरकलेल्या काहींना त्यामुळे फरक ठळक वाटतो. द्रव्यच नसेल तर चष्मा नवी शंकूपेशी देत नाही, आणि एक जोडी रंग वेगळे करताना दुसरी जोडी एकत्र करू शकतो.

स्क्रीनवर १२८ म्हणजे २५५ च्या निम्मा उजेड का नाही?

कारण ठिपक्यातल्या लाल, हिरव्या आणि निळ्याचे ० ते २५५ हे आकडे डोळ्याच्या जाणिवेनुसार वाटलेले आहेत, उजेडाच्या मोजमापानुसार नाहीत. एसआरजीबी या स्क्रीनसाठीच्या प्रचलित पद्धतीत १२८ म्हणजे कमाल उजेडाच्या सुमारे २२ टक्के. निम्म्यासाठी १८८ लागतो. लाल आणि हिरवा यांच्या मधली छटा सरळ सरासरीने काढली की मध्ये मळकट काळपट पट्टा येतो, तो यामुळे. आधी आकडे सरळ उजेडात बदलावेत, मिसळावेत आणि मग परत आणावेत.

मजकुरासाठी कोणते रंग टाळावेत?

उजेडातला फरक वाचता येतो, रंगातला नाही. बारीक तपशील उजेडाची वाहिनी वाहून नेते. या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा फक्त ७ असतो. वेबसाठीच्या सुलभतेच्या निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ असे मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचे गुणोत्तर मागितले आहे. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा १.१ च्या आसपास, शुद्ध लाल ४.० आणि शुद्ध निळा ८.६ भरतो. करडा हवा असेल तर तिन्ही आकडे ११८ पर्यंत चालतात, त्याहून फिका नको.

निळ्यावर लाल मजकूर सर्वांत वाईट. गुणोत्तर जेमतेम २.१, आणि डोळ्याचे भिंग निळा आणि लाल एकाच अंतरावर केंद्रित करू शकत नाही, म्हणून अक्षरे तरंगल्यासारखी हलतात. काळ्यावर अगदी बारीक निळी अक्षरेही टाळावीत: दृष्टिपटलाच्या नेमक्या मध्यभागी लघु शंकूपेशी नसतातच. तपासायची सोपी रीत म्हणजे पानाचे चित्र काढून ते करड्या छटांत बदलणे. जे तिथे वाचता येत नाही ते रंगातही नीट वाचता येणार नाही, आणि ज्या आलेखात लाल आणि हिरव्या रेषा करड्यात एकसारख्या दिसतात, तिथे एक रेषा तुटक करून तिच्याशेजारीच नाव लिहावे.